गाडीला पुढे-मागे डॅशकॅम: खान्देशच्या उन्हात टिकेल असा निवडायचा कसा आणि बसवायचा कसा

धुळ्याला सुरत–नागपूर आणि मुंबई–आग्रा हे दोन महामार्ग एकमेकांना छेदतात. गुजरातचे कंटेनर, मध्य प्रदेशचे दहाचाकी ट्रक, रावेर-सावद्याहून उत्तरेकडे निघालेल्या केळीच्या गाड्या, दिवाळीनंतर दोन्ही बाजूंनी फुगलेल्या कापसाच्या ट्रॉल्या आणि या सगळ्यांच्या मधून राँग साइडने येणारी एखादी मोटारसायकल, असा हा रस्ता. ट्रॉलीला मागे दिवा असेलच असं नाही. धडक झाली की पाच मिनिटांत गर्दी जमते आणि प्रत्येकाची गोष्ट वेगळी असते. निकाल बहुतेक वेळा एकच लागतो: ज्याची गाडी मोठी, त्याची चूक. अशा वेळी बाजू मांडायला आपल्याकडे डॅशकॅमचं, म्हणजे काचेवर बसवून रस्ता टिपणाऱ्या छोट्या कॅमेऱ्याचं, चित्र असलं तर वादच बदलतो.

दुकानात गेलं की विक्रेता ‘फोर के’, ‘एआय’, ‘क्लाउड’ असे शब्द पुढे करतो. आपल्या भागात डॅशकॅमची खरी परीक्षा मे महिन्यातल्या दुपारी दोन वाजता, काचेला चिकटून असते. दुसरी परीक्षा रात्री, समोरच्या नंबर प्लेटवर हेडलाइट पडल्यावर. या दोन परीक्षांत जो पास तो घ्यायचा. बाकी सगळं त्यानंतर.

मागचा कॅमेरा हवाच का?

हवा. चौपदरी रस्त्यावर गावाच्या फाट्याला दुभाजक फोडलेला असतो, अचानक कुणी आडवं येतं, आपण ब्रेक दाबतो आणि मागचा ट्रक दाबत नाही. ही धडक पुढच्या कॅमेऱ्यात फक्त एक हिसका म्हणून दिसते. मागून आलेली गाडी थांबली नाही तर तिचा नंबर टिपायची एकमेव जागा म्हणजे मागची काच. घाटात याच्या उलट घडतं. कन्नडच्या किंवा कोंडाईबारीच्या चढावर पुढची गाडी मागे घसरते, आपल्या बंपरवर टेकते आणि वरून ‘तुम्हीच मागून ठोकलं’ असं ऐकवलं जातं. तिथे पुढचा कॅमेरा कामाला येतो.

इथे एक फसगत टाळा. ‘ड्युअल’ म्हणजे पुढे-मागे असं आपण धरून चालतो, पण काही ड्युअल कॅमेऱ्यांचं दुसरं भिंग गाडीच्या आत, प्रवाशांकडे बघणारं असतं. ह्युंदाईच्या व्हेन्यू एन लाइन आणि एक्स्टरमध्ये कंपनीकडून आलेला ड्युअल डॅशकॅम असाच पुढे आणि आत बघतो. काळीपिवळी किंवा टुरिस्ट गाडी चालवणाऱ्याला आतलं चित्र उपयोगाचं. घरच्या गाडीला मात्र मागची काच महत्त्वाची. खोक्यावर ‘रिअर’ आहे की ‘केबिन’, ते वाचूनच पैसे द्या. पुढे-मागे अशी चांगली जोडी साधारण सहा-सात हजारांपासून पंधरा हजारांच्या आसपास मिळते. सेव्हंटीमाय, डीडीपाय, क्यूबो, वायोफो ही नावं इथल्या बाजारात आणि ऑनलाइन दिसतात. नावापेक्षा पुढचे मुद्दे तपासा.

पहिली अट: बॅटरी नको, सुपरकपॅसिटर हवा

भुसावळ-जळगावचा मे म्हणजे पारा 44–45 अंशांवर. बंद गाडी उन्हात उभी असली की आतली हवा बाहेरच्यापेक्षा वीस अंशांनी किंवा त्याहूनही जास्त तापते, आणि पुढच्या काचेला लागून असलेली वस्तू त्याच्याही पुढे जाते. डॅशकॅम बसतो नेमका तिथेच.

गाडी बंद झाल्यावर शेवटची फाइल नीट जतन व्हायला कॅमेऱ्याला काही सेकंदांची वीज लागते. स्वस्त कॅमेऱ्यात ती छोट्या लिथियम बॅटरीतून येते, बऱ्या कॅमेऱ्यात सुपरकपॅसिटरमधून. लिथियम बॅटरी अशा उष्णतेत फुगते, तिची ताकद मरते, कधी कव्हर उचकटून बाहेर येते. मग वेळ-तारीख पुसली जाते आणि शेवटची, म्हणजे अपघाताचीच, फाइल अर्धवट राहते. सुपरकपॅसिटर वीज फार कमी साठवतो, पण उष्णता कितीतरी बरी सोसतो. म्हणून माहितीपत्रकात ‘सुपरकपॅसिटर’ हा शब्द आणि काम करण्याचं कमाल तापमान शोधा. 60 अंश लिहिलं असेल तर इथे ते कमीच. 70 किंवा त्याहून वर असलेलं बघा. जिथे बॅटरीचे ‘एमएएच’ अभिमानाने छापलेत, तो कॅमेरा महाबळेश्वरच्या माणसाला घेऊ द्या.

मोठा स्क्रीनही उन्हाचा गिऱ्हाईकच. तो तापतो, शिवाय चालवताना लक्ष तिकडे जातं. छोटा स्क्रीन किंवा बिनस्क्रीनचा, मोबाइलवर बघता येणारा कॅमेरा पुरतो. रबरी सक्शन कपवर टांगायचा प्रकार तर घेऊच नका. एप्रिल लागला की तो पडतो.

दुसरी अट: नंबर वाचता येणं

इथे थोडं गणित करू, कारण ‘फुल एचडी चालेल का फोर के हवा’ याचं उत्तर त्यातच आहे.

खोक्यावर 140 अंश लिहिलेलं असतं ते बहुधा कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतचं. आडवं दृश्य साधारण 120 अंशांचं धरा. फुल एचडी चित्रात आडवे 1920 ठिपके असतात, म्हणजे एका अंशाला 16. चारचाकीची नवी एचएसआरपी, म्हणजे हाय सिक्युरिटी नंबर पाटी, 500 मिलिमीटर रुंद. ती 10 मीटरवर असली की जेमतेम तीन अंश जागा व्यापते, म्हणजे साधारण 46 ठिपके. त्यात ‘एमएच 19’पासून पुढची दहा अक्षरं-आकडे बसवायची. एका अक्षराला साडेचार ठिपके आले. एवढ्यात 8 आणि 0 वेगळे ओळखू येत नाहीत. पाच मीटरवर आकडा दुप्पट होतो आणि पाटी वाचता येते. फोर के मध्ये आडवे 3840 ठिपके, म्हणून तीच पाटी 10 मीटरवरही वाचता येते. मधला 1440पी, ज्याला टूके म्हणतात, तो या दोघांच्या मध्ये.

म्हणजे कुठलाच डॅशकॅम शंभर मीटरवरची पाटी वाचणार नाही, मग जाहिरात काहीही म्हणो. शहरातल्या शहरात फिरणाऱ्याला पुढे टूके आणि मागे फुल एचडी पुरेसं. धुळे–सेंधवा किंवा जळगाव–सुरत असा नेहमीचा प्रवास असेल तर पुढे खरा फोर के घ्या. आणि 170 अंशांच्या मागे लागू नका. जितकं रुंद दृश्य, तितकी प्रत्येक पाटी बारीक.

‘खरा’ म्हणायचं कारण सेन्सर. फोर के साठी किमान आठ मेगापिक्सेलचा सेन्सर लागतो. सोनीचे आयएमएक्स 415 आणि 678 आठ मेगापिक्सेलचे आहेत, आयएमएक्स 335 पाचचा. खोक्यावर फोर के आणि आत 335 असेल तर ते चित्र ताणून मोठं केलेलं. सेन्सरचं नाव कुठेच छापलेलं नसेल तर तोही एक इशाराच समजा. 678 हा सोनीच्याच स्टारव्हिस 2 मालिकेतला, रात्रीच्या कामाला सरस.

रात्रीचा प्रश्न वेगळाच आहे. एचएसआरपी पाटी परावर्तक असते. आपला हेडलाइट पडला की ती कॅमेऱ्यात पांढरीफटक होते आणि आजूबाजूचं सगळं दिसूनही नंबर तेवढा उडतो. यावर एचडीआर किंवा डब्ल्यूडीआर, म्हणजे झगझगीत आणि अंधारा भाग एकाच चित्रात सांभाळणारी सोय, हवी आणि एक्स्पोजर, म्हणजे चित्रात येणारा उजेड, हाताने कमी करता आलं पाहिजे. विकत घेण्याआधी त्या मॉडेलचं रात्रीच्या महामार्गावरचं रेकॉर्डिंग इंटरनेटवर बघा. दिवसाचे नमुने सगळ्यांचेच सुंदर असतात.

जीपीएसबद्दल माझं मत: घ्या, पण समजून घ्या. वेळ आपोआप बरोबर राहते, ठिकाण नोंदलं जातं. सोबत तुमचा वेगही नोंदला जातो. 80च्या मर्यादेत 110ने जात असाल तर तो पुरावा समोरच्याच्या हातात जाईल. सिमकार्डवाला, क्लाउडवाला कॅमेरा मला इथे वायफळ वाटतो. तोरणमाळ-धडगावकडे जिथे त्याची गरज पडावी तिथेच रेंज दगा देते, आणि महिन्याचं रिचार्ज मात्र चालू राहतं. लेन बदलली की ओरडणारी सूचना आपल्या रस्त्यांवर दुसऱ्याच दिवशी बंद करावी लागते.

मेमरी कार्ड

डॅशकॅम नादुरुस्त झाला म्हणून आलेल्या कितीतरी तक्रारी निव्वळ कार्डाच्या असतात. मोबाइलमधलं जुनं कार्ड यात टाकू नका. इथे सतत लिहिणं आणि पुसणं चालू असतं, त्यासाठी ‘हाय एन्ड्युरन्स’ असं छापलेलं कार्ड मिळतं. त्यावर यू3 किंवा व्ही30 ही लिहिण्याच्या वेगाची खूण बघा.

किती मोठं घ्यायचं? पुढे टूके, मागे फुल एचडी असेल तर दोन्ही मिळून तासाला साधारण 14 जीबी लागतात. म्हणजे 128 जीबीच्या कार्डात आठेक तास. नंतर सगळ्यात जुन्या फाइलवर नवी लिहिली जाते. फोर के असेल तर 256 घ्या, पण कॅमेरा कमाल किती जीबी स्वीकारतो ते आधी पाहा.

बनावट कार्डांचा सुळसुळाट आहे. वर 256 छापलेलं आणि आत 32. कार्ड आणलं की संगणकावर ‘एच टू टेस्ट डब्ल्यू’ या मोफत सॉफ्टवेअरने पूर्ण भरून तपासा. मगच कॅमेऱ्यात घालून, कॅमेऱ्याच्याच मेनूतून फॉरमॅट करा. एक जादा कार्ड ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवा. ते कशाला, ते शेवटी येईल.

वीज कुठून घ्यायची

तीन मार्ग आहेत. पहिला, सिगारेट लायटरच्या सॉकेटमधला चार्जर. सोपा, काढता येतो, गाडीला हात लावावा लागत नाही. पण ती जागा अडते, आणि हलक्या चार्जरमुळे एफएमवर आकाशवाणी जळगाव लावलं की खरखर ऐकू येते. कॅमेऱ्यासोबत आलेलाच चार्जर वापरा.

दुसरा, फ्यूज बॉक्समधून हार्डवायर किट. गाडी उभी असतानाही रेकॉर्डिंग हवं असेल तर हाच मार्ग. यात बहुतेक तीन वायरी असतात: लाल चावी फिरवल्यावर वीज येणाऱ्या फ्यूजला, पिवळी कायम चालू असणाऱ्या फ्यूजला, काळी अर्थला, म्हणजे बॉडीच्या धातूला. किटचे रंग वेगळे असू शकतात, म्हणून सोबतचा कागद वाचा.

तिसरा मार्ग म्हणजे एखाद्या चालू वायरीचं आवरण सोलून तिला पीळ देऊन टेप मारायची. ‘काही व्हस नही, भाऊ’ म्हणत हे काम पाच मिनिटांत उरकणारे मेस्तरी जागोजागी भेटतील. करू देऊ नका. उन्हात टेप सुटते, शॉर्ट झालं तर आग लागू शकते, आणि उद्या वायरिंगमध्ये काही बिघडलं की शोरूम वॉरंटी नाकारायला याच जोडाकडे बोट दाखवेल. फ्यूज टॅप, म्हणजे फ्यूजच्या खाचेत बसून जादा वायरीला वीज देणारा जोड, वापरला तर एकही मूळ वायर कापावी लागत नाही.

गाडी उभी असतानाच्या रेकॉर्डिंगचा, म्हणजे पार्किंग मोडचा, हिशोब असा. कॅमेरा साधारण पाव ते अर्धा अँपिअर ओढतो. 35 एएचची बॅटरी असलेल्या छोट्या गाडीला एक रात्र काही होणार नाही. गाडी चार दिवस दारात उभी राहिली तर मात्र पाचव्या दिवशी धक्का मारायची वेळ येईल. म्हणून किटमध्ये व्होल्टेज कमी झालं की वीज तोडणारी सोय हवीच. पूर्ण भरलेली बॅटरी 12.6 व्होल्टच्या आसपास असते, 12.2ला ती निम्म्यावर आलेली असते. मर्यादा 12.2 किंवा 12.4ला लावा. 11.8ला लावून ठेवलेली मर्यादा नसल्यातच जमा. ट्रक 24 व्होल्टचा असतो, त्याला 12–24 दोन्ही चालणारं किट घ्या. आणि मार्च ते जून उघड्यावर गाडी लावत असाल तर पार्किंग मोड सरळ बंद ठेवा. काचेवर भाजत असलेल्या कॅमेऱ्याला त्याच वेळी काम सांगण्यात अर्थ नाही.

बसवण्याची तयारी

सामान फार नाही: प्लास्टिकची ट्रिम काढायची पट्टी (स्क्रूड्रायव्हरने प्लास्टिकला दात पडतात), मल्टिमीटर, दोन फ्यूज टॅप, 2 किंवा 3 अँपिअरचे फ्यूज, कापडी टेप, झिप टाय, काच पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल. फ्यूज टॅप घेण्याआधी आपल्या गाडीतला एक फ्यूज उपटून दुकानात न्या. मिनी, लो प्रोफाइल मिनी आणि मायक्रो टू हे दिसायला भाऊ, पण एकाचा टॅप दुसऱ्याच्या जागी बसत नाही.

मागच्या कॅमेऱ्याची वायर मोजा. सोबत बहुधा साडेपाच-सहा मीटरची येते. स्विफ्ट किंवा टियागोला चालते. एर्टिगा, स्कॉर्पिओसारख्या लांब गाडीला कमी पडू शकते, कारण वायर सरळ जात नाही, वळणं घेत जाते. आधी सुतळीने तो सगळा मार्ग मोजून बघा.

मग काहीही चिकटवण्याआधी सगळं सीटवरच जोडा. कार्ड घाला, मागचा कॅमेरा लावा, लायटरमधून वीज द्या, पाच मिनिटं रेकॉर्ड करा आणि दोन्हीकडच्या फाइल उघडून बघा. वायर छतात घातल्यावर कॅमेरा मुळातच खराब निघाला तर संताप कुणावर काढणार?

पुढचा कॅमेरा

जागा आरशाच्या मागे, किंचित डावीकडे, म्हणजे शेजारच्या सीटच्या बाजूला. चालकाच्या नजरेत तो येता कामा नये. वायपर जिथवर पुसतो त्या पट्ट्यातच भिंग यायला हवं, नाहीतर पावसाळ्यात नुसते थेंब दिसतील. काचेच्या वरच्या कडेला काळ्या ठिपक्यांची पट्टी असते, तिच्यावर टेप धरत नाही. खालच्या स्वच्छ काचेवर चिकटवा. गाडीला ॲडास असेल, म्हणजे आरशामागे कंपनीचा कॅमेरा असेल, किंवा पावसाचा सेन्सर असेल, तर त्यांच्यासमोर काहीही येऊ देऊ नका.

काच अल्कोहोलने दोनदा पुसा. प्लास्टिक तापून काचेवर एक तेलकट थर बसलेला असतो, तो डोळ्यांना दिसत नाही. काम सावलीत, सकाळी करा. तापलेल्या किंवा अगदी गार काचेवर टेप नीट बसत नाही. धुळ्यात डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे पारा एक आकडी होतो, तेव्हा हेअर ड्रायरने काच कोमट करून घ्या. टेप अर्धा मिनिट दाबून धरा आणि शक्य असेल तर कॅमेरा दुसऱ्या दिवशी अडकवा. 24 तासांत टेपची बरीचशी पकड येते. सोबत येणारी पारदर्शक स्टॅटिक फिल्म काढायला सोपी असते, पण इथल्या उन्हाळ्यात तिच्याखाली हवेचे फुगे धरतात. मी टेप थेट काचेवर लावण्याच्या बाजूचा आहे.

भिंगाचा कोन असा ठेवा की क्षितिज चित्राच्या मधोमध किंवा थोडं वर येईल. आकाश जास्त आलं तर कॅमेरा उजेड कमी करतो आणि रस्ता काळवंडतो. बोनेटची थोडीशी कड दिसलेली बरी. डॅशबोर्डचं प्रतिबिंब फार पडत असेल तर भिंगावर सीपीएल, म्हणजे काचेवरची चमक कापणारा, फिल्टर लावता येतो. त्याहून स्वस्त उपाय म्हणजे डॅशबोर्डवरचं पांढरं कापड आणि चकचकीत पॉलिश काढून टाकणं.

वायर लपवताना एअरबॅग

वरची कड सोपी आहे. छताचं अस्तर आणि काच यांच्या फटीत वायर बोटाने ढकलत खांबापर्यंत न्या. खरा धोका पुढे, काचेच्या बाजूच्या ए-पिलरमध्ये आहे. त्यावर ‘एसआरएस एअरबॅग’ असं कोरलेलं दिसलं तर आत कर्टन एअरबॅग आहे आणि ती छताच्या कडेने मागेपर्यंत गेलेली असते. सहा एअरबॅगच्या गाड्या आता सर्रास दिसतात, त्यामुळे हे प्रत्येकाने बघायलाच हवं. वायर एअरबॅगच्या पुढून गेली तर उघडताना ती अडकेल, नाहीतर गोळीसारखी चेहऱ्याकडे येईल. वायर एअरबॅगच्या मागून, मूळ वायरिंगला झिप टायने बांधून न्यायची. खांबाचं प्लास्टिक काढल्यावर ज्या क्लिपा एकदाच वापरायच्या असतात त्या नव्या लागतात. हे जमणार नाही असं वाटलं तर गाडी जाणत्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे द्या आणि त्याला ‘वायर एअरबॅगच्या मागून’ असं तोंडाने सांगा. काम बघत उभे राहा. पिवळ्या रंगाचे कनेक्टर एअरबॅगचे असतात, ते उपटायचे नाहीत.

खांबात एअरबॅग नसेल तर वायर दाराच्या रबराखालून खाली उतरवा.

फ्यूज

फ्यूज बॉक्स बहुतेक गाड्यांत स्टीअरिंगखाली उजवीकडे किंवा डाव्या बाजूला ग्लोव्ह बॉक्सजवळ असतो. वायर कुठल्या खांबातून उतरवायची ते त्यावरून ठरवा. झाकणावर किंवा गाडीच्या पुस्तकात कुठला फ्यूज कशाचा ते दिलेलं असतं. एअरबॅग, एबीएस, इंजिनचा कॉम्प्युटर, इंधनपंप, पॉवर स्टीअरिंग यांच्या वाटेला जाऊ नका. लायटर सॉकेट, मागचा वायपर, म्युझिक सिस्टिम असे फ्यूज निवडा.

मल्टिमीटर 20 व्होल्ट डीसीवर ठेवा, काळी पिन धातूला, लाल पिन फ्यूजच्या डोक्यावरच्या उघड्या ठिपक्याला. चावी काढून 0 आणि फिरवून 12च्या आसपास दाखवलं तर तो लाल वायरीसाठी. दोन्ही वेळा 12 दाखवलं तर पिवळीसाठी. आता चावी काढून फ्यूज उपटा, रिकाम्या खाचेतली कुठली बाजू जिवंत आहे ते बघा (लाल वायरीच्या फ्यूजला यासाठी चावी क्षणभर फिरवावी लागेल) आणि टॅपचा दोन्ही फ्यूजना वीज देणारा पाय तिकडे येईल असा बसवा. उलटा बसवला तरी कॅमेरा चालतो, पण त्याचाही भार जुन्या फ्यूजमधून जातो. जुना फ्यूज टॅपच्या त्याच्या खाचेत, कॅमेऱ्याचा 2 किंवा 3 अँपिअरचा दुसऱ्या खाचेत.

काळी वायर रंग नसलेल्या धातूवरच्या बोल्टला घट्ट. रंगावर किंवा प्लास्टिकमधल्या स्क्रूला लावली तर कॅमेरा मधूनमधून बंद पडत राहतो आणि दोष भलत्यालाच दिला जातो. किटची डबी पॅनलमागे कापडी टेपने गुंडाळून बांधा. नुसती सोडली तर पहिल्याच खड्ड्याला खडखडते. क्लच-ब्रेकजवळ एक इंचही वायर लोंबकळता कामा नये.

मागचा कॅमेरा

मागची वायर साध्या गाडीत छताच्या कडेने, दारांच्या वरच्या रबराखालून नेतात. कर्टन एअरबॅग असेल तर मी खालचा मार्ग सुचवेन: दाराच्या उंबऱ्यावरच्या प्लास्टिक पट्ट्यांखालून मागे, तिथून डिकीच्या बाजूच्या पॅनलमागून वर. वायर जास्त लागते, पण काम निर्धास्त. डिकीत सीएनजीची टाकी असेल तर वायर टाकीच्या पट्ट्यांपासून आणि गॅसच्या नळीपासून दूर ठेवा.

सेडानमध्ये मागची काच स्थिर असते, म्हणून काम लवकर संपतं. हॅचबॅक आणि एसयूव्हीत कॅमेरा उघडणाऱ्या दारावर येतो. दार आणि बॉडीच्या मध्ये एक रबरी नळी असते, गाडीची स्वतःची वायरिंग तिच्यातूनच जाते. वायर तिच्यातून ओढा. नळीबाहेरून नेलेली वायर दार आपटून आपटून महिन्या-दोन महिन्यांत तुटते. ओढताना कडक तारेच्या टोकाला टेपने बांधा आणि नळीत थोडा सिलिकॉन स्प्रे मारा. शेवटी दार पूर्ण उघडून-बंद करून वायरीला ढील आहे ना ते बघा.

काचेवरच्या डिफॉगरच्या, म्हणजे काचेवरची वाफ घालवणाऱ्या, तांबूस रेषांवर टेप लावू नका. पुढे टेप काढताना रेष निघून येते. मागे वायपर असेल तर त्याच्या पट्ट्यातच कॅमेरा बसवा, कारण उभ्या पाठीच्या गाड्यांत मागच्या काचेवर धूळ चिकटते. काळ्या मातीच्या रस्त्यावरून घरी येईपर्यंत तिथून काहीच दिसत नाही. मागच्या काचेवर गडद फिल्म असेल तर रात्रीचं चित्र विसरा. नियमानेही त्या काचेतून किमान 70 टक्के उजेड आरपार जायला हवा. मागच्या वायरीतून निघालेली एकटी लाल वायर रिव्हर्स लाइटला जोडायची असते, म्हणजे गाडी मागे घेताना स्क्रीनवर मागचं दिसतं. पार्किंग कॅमेरा आधीच असेल तर ती टेप लावून सोडून द्या.

सेटिंग

वेळेचा विभाग +5:30 करा. बऱ्याच कॅमेऱ्यांत चीनची वेळ असते आणि पुराव्यावर अडीच तासांचा फरक दिसला की वकिलाला आयतं कोलीत मिळतं. फ्लिकर 50 हर्ट्झ. फाइलची लांबी एक मिनिट. एक्स्पोजर दिवसा शून्य, रात्री नंबर उडत असतील तर उणे 0.3 किंवा उणे 0.7. मागचं चित्र आरशासारखं उलटं येत असेल तर ‘मिरर’ बंद करा, नाहीतर नंबर उलटे वाचत बसाल.

जी-सेन्सर सर्वांत कमी संवेदनशीलतेवर ठेवा. धक्का बसला की ती फाइल कुलूपबंद होते, पुसली जात नाही. आपल्या तालुक्याच्या रस्त्यांवर तो दर खड्ड्याला अपघात समजेल आणि आठवडाभरात कार्ड कुलूपबंद फाइलींनीच भरेल. माइकचा निर्णय घरात विचारून घ्या. आवाज पुरावा म्हणून उपयोगी, पण गाडीतलं सगळं बोलणंही कार्डावर जातं.

बसवल्याच्या रात्रीच वीस-तीस किलोमीटर चालवा, घरी येऊन कार्ड संगणकावर लावा आणि पुढच्या-मागच्या गाड्यांचे नंबर वाचता येतात का बघा. त्यानंतर महिन्यातून एकदा आतली काच आणि भिंग पुसणं, कार्ड फॉरमॅट करणं, तारीख तपासणं. उन्हाळ्यात गाडी उभी करताना पुढच्या काचेला लावायचा चंदेरी पडदा कॅमेरा आणि काच यांच्या मध्ये येईल असा लावा. कॅमेऱ्याच्या आतून लावला तर कॅमेरा पडदा आणि काच यांच्यात कोंडून आणखी भाजतो.

अपघात झालाच तर

आधी माणसं. 108ला किंवा 112ला फोन, जखमीला मदत. मग कॅमेऱ्याचं कुलूपाचं बटण दाबा. गाडी बंद करा, कॅमेऱ्याचा दिवा विझू द्या, आणि कार्ड काढून खिशात टाका. ग्लोव्ह बॉक्समधलं जादा कार्ड आत घाला. कॅमेरा चालू राहिला तर काही तासांत जुन्या फाइलींवर नव्या लिहिल्या जातात, आणि गर्दीत कॅमेराच गायब झाला तरी कार्ड तुमच्याकडे असतं.

कार्डावर काहीही कापाकापी करू नका. संगणकावर प्रत काढा आणि मूळ कार्ड पाकिटात, वर तारीख घालून ठेवा. व्हॉट्सॲपवर पाठवलेला व्हिडिओ दाबून लहान होतो, नंबर धूसर होतात, वेळेची नोंदही जाते. पोलिसांना आणि विमा कंपनीच्या सर्व्हेअरला मूळ फाइलची प्रत पेन ड्राइव्हवर द्या. पोलिसांनी कार्डच मागितलं तर पंचनाम्यात त्याची नोंद करून घ्या.

कोर्टात प्रत दाखल करायची असेल तर प्रमाणपत्र लागतं. 1 जुलै 2024 पासून ते भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023च्या कलम 63 खाली दिलं जातं, पूर्वी तेच जुन्या पुरावा कायद्याचं कलम 65-ब होतं. नमुना कायद्याच्याच परिशिष्टात आहे. त्याचे दोन भाग: एक ज्याच्या ताब्यात उपकरण आहे त्याचा, दुसरा तज्ज्ञाचा, आणि त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइलच्या बोटाच्या ठशासारखा अक्षरं-आकड्यांचा संकेत, लिहावी लागते. अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या जालन्याच्या निवडणूक खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2020 साली सांगितलं की प्रतीला प्रमाणपत्र अनिवार्य आहे, आणि मूळ उपकरण मालकाने स्वतः कोर्टात हजर केलं तर त्याची गरज नाही. म्हणून ते पाकिटातलं कार्ड जपून ठेवा, आणि हॅश त्याच आठवड्यात वकिलाकडून किंवा संगणक जाणणाऱ्याकडून काढून घ्या.